टिंबाखालीं टिंब

श्रोतेहो, दशांश अपूर्णांकांची वजाबाकी हा विषय नभोवाणीवरून बोलण्याजोगा आहे काय, अशी शंका आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत आली असेल. गणित शिकवावयाचें म्हणजे फळा हवा, खडू हवा, आणि समोर बसलेल्या मुलाच्या चेहऱ्यावरून त्याला कितपत उमगलें हें ताडण्याची सोय हवी. यांपैकीं या क्षणीं मजजवळ कांहींच नाहीं. तेव्हां आपणांस विनंती एवढीच कीं, हाताशीं कागद व पेन्सिल घेऊन बसावें. घरांत पांचवी-सहावींतलें मूल असेल, तर त्यालाही जवळ बोलवावें. मात्र मी बोलणार आहें तें मुख्यतः आईबापांशीं. कारण ही वजाबाकी शाळेंत शिकविली जाते हें खरें; पण ती पक्की होते किंवा कायमची बिघडते ती बहुधा घरींच, संध्याकाळच्या अभ्यासाच्या वेळीं.

उदाहरण सोन्याचेंच घेऊं, म्हणजे सर्वांचें लक्ष लागेल. समजा, एका घरांत आजीच्या पांच तोळ्यांच्या पाटल्या आहेत. त्या घडविल्या त्या काळचा तोळा सुमारें ११.६६४ ग्रॅमचा, म्हणजे पांच तोळे ५८.३२ ग्रॅम झाले. आज आपल्याकडील सराफांच्या पेढ्यांवर तोळा म्हटला कीं सरसहा १० ग्रॅमचा धरतात. नात त्या पाटल्या मोडावयास निघाली आणि पांच तोळे म्हणजे ५० ग्रॅम असें समजून बसली, तर ५८.३२ वजा ५०, म्हणजे ८.३२ ग्रॅम सोनें नुसत्या एका शब्दाच्या अर्थांत बुडेल. ही वजाबाकी कोणीही करील. पुढची तितकी सरळ नाहीं. पाटल्या कित्येक वर्षें हातांत वागविल्या, भांड्यांवर घासल्या, झिजल्या. आज काट्यावर त्या ५७.९ ग्रॅम भरल्या. तर झीज किती झाली?

हें गणित मुलापुढें ठेवून गप्प बसून पाहावें. पुष्कळ मुलें ५८.३२ च्या खालीं ५७.९ लिहितांना उजवीकडची कड जुळवितात. २ च्या खालीं ९, ३ च्या खालीं ७, ८ च्या खालीं ५. मग नेहमींप्रमाणें उसने घेत घेत बाकी काढतात, ती येते ५२५३. आणि वरच्या आंकड्याकडे पाहून टिंब देतात. उत्तर ५२.५३. अठ्ठावन्न ग्रॅमच्या पाटल्यांतून बावन्न ग्रॅमांहून अधिक सोनें झिजून गेलें, आणि तरी राहिलें सत्तावन्न! मूल मात्र वही बंद करून खेळावयास जातें. उत्तर चुकलें याचें मला फारसें वाईट वाटत नाहीं. त्या उत्तराकडे पाहून मुलाला हंसूं आलें नाहीं, याचें वाटतें. हंसूं न येण्याचें कारण असें कीं, ते आंकडे त्याच्या लेखीं सोन्याचे नव्हतेच. ते केवळ आंकडे होते.

अशा वेळीं आपण घाईघाईनें सांगतों, "अरे, टिंबाखालीं टिंब मांड, आणि पुढें नेहमींसारखी वजाबाकी कर." सांगणें अगदीं बरोबर आहे. पण हा हुकूम झाला, कारण नव्हे. आणि ज्याचें कारण ठाऊक नाहीं तो हुकूम परीक्षेच्या गडबडींत आधीं विसरतो. तेव्हां कारण पाहूं.

उजवीकडची कड जुळविण्याची संवय मुलाला कोठून लागली? ती आपणच लाविली. पूर्णांकांची वजाबाकी शिकवितांना एकंखालीं एकं, दहंखालीं दहं, शतंखालीं शतं असें आपण घोकून घेतलें. पूर्णांकांत एकं नेहमीं अगदीं उजवीकडे असतो. म्हणून एकं जुळला कीं कड आपोआप जुळते. मूल ध्यानांत ठेवतें तें काय, तर डोळ्यांना दिसणारी कड. दिसत नाहीं तें एकंचें स्थान विसरतें. दशांश अपूर्णांकांत एकंच्या उजवीकडेही अंकांची रांग लागते, त्यामुळें कड ही एकंची खूण राहत नाहीं. मग एकं ओळखावयाचा कसा? त्याकरितांच टिंब आहे. टिंबाचें काम एवढेंच कीं, "माझ्या लगत डावीकडे जो बसला आहे तो एकं," असें बोट दाखवून सांगणें. एकं एकदां सांपडला कीं त्याच्या डावीकडे दहं आणि शतं, उजवीकडे दशांश आणि शतांश, असे सगळे आपापल्या पाटावर बसतात. म्हणून टिंबाखालीं टिंब हा नवा नियम नाहींच. एकंखालीं एकं हाच जुना नियम नव्या वेषांत आहे. मुलाला हें अशा शब्दांत सांगितलें, तर आधीं शिकलेलें मोडून नवें शिकावें लागत आहे असें त्याला वाटत नाहीं.

आतां ५८.३२ च्या खालीं ५७.९ नीट मांडा. ८ च्या खालीं ७ आला, ३ च्या खालीं ९ आला, आणि २ च्या खालीं जागा रिकामी राहिली. तेथें शून्य लिहावें, ५७.९ चे ५७.९० झाले. कोणत्या अधिकारानें? नऊ दशांश म्हणजेच नव्वद शतांश, या अधिकारानें. दहा-दहा पैशांचीं नऊ नाणीं आणि एक-एक पैशाचीं नव्वद नाणीं यांत किमतीचा फरक नाहीं, तसेंच हें. मग शतांशांत २ मधून शून्य गेलें, राहिले २. दशांशांत ३ मधून ९ जात नाहींत. शेजारच्या आठ एककांतून एक मोडून दहा दशांश केले, तेरा झाले, त्यांतून ९ गेले, ४ राहिले. एकंत ७ मधून ७ गेले. उत्तर ०.४२ ग्रॅम. ताळा पाहा: ५७.९० आणि ०.४२ मिळून ५८.३२. अर्ध्या ग्रॅमहूनही कमी झीज; पटण्याजोगी.

येथें थोडें आडवाटेनें जातों, कारण या शून्याविषयीं शाळेंत एक गोष्ट सांगावयाची राहून जाते. अंकगणितांत ५७.९ आणि ५७.९० एकच, पण काट्यापुढें तसें नाहीं. एका काट्यानें ५७.९ दाखविलें, म्हणजे त्यानें दशांशापर्यंतच पाहिलें. शतांश त्याला दिसलाच नाहीं. खरें वजन ५७.८५ पासून ५७.९५ पर्यंत कोठेंही असूं शकेल. मग झीजही ०.४२ च नव्हे, तर ०.३७ ते ०.४७ यांमध्यें कोठेंतरी असेल. आपण मांडणीसाठीं लिहिलेलें शून्य ही कागदावरची सोय आहे, काट्याची साक्ष नव्हे. सोनें देतांघेतांना शतांशापर्यंत किंवा त्याहून पुढें दाखविणाऱ्या काट्याचा आग्रह धरावा तो याच कारणासाठीं. पांचवींतल्या मुलाला हें सांगूं नये, तें गोंधळेल. आठवींतल्या मुलाला अवश्य सांगावें.

दुसरी एक खोड आहे, आणि ती वाचण्यांतून येते. ५७.८६ हा आंकडा आपण घरांत कसा वाचतों? "सत्तावन्न पॉइंट शहाऐंशी." आणि ५७.९? "सत्तावन्न पॉइंट नऊ." कानानें ऐकणारें मूल शहाऐंशीची नवांशीं तुलना करतें, आणि ५७.८६ मोठा ठरवितें. जितके अंक जास्त तितकी संख्या मोठी, हा पूर्णांकांतला अनुभव तें टिंबाच्या पलीकडे घेऊन जातें. ही समजूत अनेक देशांतील मुलांत आढळली आहे. आपल्याच मुलांचा हा मंदपणा आहे असें कोणीं समजूं नये. उपाय साधा आहे. टिंबानंतरचे अंक सुटे वाचावे: सत्तावन्न, दशांश चिन्ह, आठ, सहा, आणि सत्तावन्न, दशांश चिन्ह, नऊ. मग आठ व नऊ समोरासमोर येतात आणि निकाल लागतो. माझ्यासारख्या केवळ आवाजावर भिस्त ठेवून बोलणाऱ्याला हें विशेष जाणवतें, हें ओघानें सांगतों. वजाबाकीच्या आधीं कोणता आंकडा मोठा हें नीट न कळलें, तर मूल लहानांतून मोठा वजा करावयास बसतें, आणि मग तासभर मारामारी.

आतां तिसरा प्रकार, जो मला सर्वांत अवघड वाटतो. ५ मधून २.३७ वजा करा. येथें वरच्या आंकड्याला टिंबच नाहीं. मूल ५ मधून २ काढतें, ३ लिहितें. पुढें ३७ च्या वर कांहींच नाहीं, म्हणून तेच खालीं उतरवून घेतें. उत्तर ३.३७. ताळा घेतला तर ३.३७ आणि २.३७ मिळून ५.७४ होतात, पांचाचे पावणेसहाच्या घरांत गेले. पण ताळा घेतो कोण?

येथें ५ म्हणजे ५.०० हें मुलाला दिसलें पाहिजे, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे त्या दोन शून्यांत उसने कोठून येतात तें दिसलें पाहिजे. शतांशाच्या घरांत शून्य, त्यांतून ७ जात नाहींत. शेजारीं दशांशाकडे मागावें, तर तेथेंही शून्य. मग एकंपर्यंत जावें लागतें. पांच रुपयांपैकीं एक रुपया मोडला, त्याचे दहा दशांश आले. त्यांतला एक पुन्हां मोडला, त्याचे दहा शतांश आले. आतां घरांत आहेत चार एकक, नऊ दशांश, दहा शतांश. दहांतून सात गेले, तीन राहिले. नवांतून तीन गेले, सहा राहिले. चारांतून दोन गेले, दोन राहिले. २.६३. रुपया मोडण्याची ही क्रिया पहिल्या दोन-तीन वेळां तरी खऱ्या नाण्यांनीं किंवा कागदाच्या चकत्यांनीं करून दाखवावी. "हातचा घेतला" असे नुसते तोंडानें म्हटल्यानें तो हात कोणाचा, हें मुलाला कधींच कळत नाहीं.

ज्यांना ही यातायात मोठी वाटते, त्यांनीं आपल्या आजोबा-पणजोबांची वजाबाकी आठवून पाहावी. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. ५ रुपयांतून २ रुपये ५ आणे १० पै वजा करावयाचे असले, तर रुपया मोडून सोळा आणे, त्यांतला एक आणा मोडून बारा पै. बारांतून दहा गेल्या, उरल्या २ पै. पंधरांतून पांच गेले, उरले १० आणे. चारांतून दोन गेले, उरले २ रुपये. उत्तर २ रुपये १० आणे २ पै. प्रत्येक घराचा मोडण्याचा भाव निराळा! एका घरांत सोळा, दुसऱ्यांत बारा. धान्याच्या व सोन्याच्या मापांत आणखी निराळे. आणि तरीही ज्यांना पावकी-निमकी पाठ होती अशा कित्येक बायाबापड्या हे हिशेब तोंडीं करीत. ता. १ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे रुपयाचे शंभर नये पैसे झाले. १९५६ च्या कायद्यानें वजनेंमापेंही दशमान करण्याचें ठरलें आणि १९५८ पासून तीं टप्प्याटप्प्यानें प्रचारांत आलीं. तेव्हांपासून सर्व घरांचा भाव एकच झाला, दहा. दशांशाचा सगळा फायदा या एका वाक्यांत आहे. पूर्णांकांची वजाबाकी ज्याला येते त्याला दशांशाचीही येते, कारण मोडण्याचा भाव टिंबाच्या अलीकडे व पलीकडे सारखाच.

त्या बदलाच्या काळांत एक गमतीची अडचण होती. आणा म्हणजे ६.२५ नये पैसे. पण पाव पैशाचें नाणें नाहीं. म्हणून कोष्टकांत एका आण्याचे ६ नये पैसे धरले आणि चार आण्यांचे पुरे २५. चार आणे एकदम दिले तर पंचवीस, आणि एकेक करून चार वेळां दिले तर चोवीस. तो एक नया पैसा कोठें गेला, हें गणित तेव्हांच्या गृहिणींना कोणीं शिकवावें लागलें नसेल.

दशांशांची ही युक्ति अमुक एकाचीच, असें म्हणतां येत नाहीं. स्थानावरून अंकाची किंमत ठरविण्याची पद्धति भारताची. परंतु अपूर्णांक लिहितांना आपले आचार्य अंश वर व छेद खालीं मांडीत, लीलावतींतही तसेच आहेत. दहाव्या शतकांत दमास्कस येथें अल-उक्लिदिसी यानें, आणि पंधराव्या शतकांत समरकंद येथें अल-काशी यानें दशांश वापरले. युरोपांत ते घरोघर पोंचविण्याचें श्रेय ब्रुझ गांवच्या सायमन स्टेव्हिनला देतात. त्यानें १५८५ सालीं डच भाषेंत या विषयावर एक लहानसें चोपडें छापलें, आणि तें ज्योतिषी, जमीन मोजणारे, कापड मोजणारे, टांकसाळीचे अधिकारी व व्यापारी अशांना उद्देशून लिहिलें. त्याच्या लेखनांत टिंब नव्हतें. प्रत्येक अंकापुढें तो लहानसें वर्तुळ काढून त्यांत ०, १, २ असा घराचा क्रमांक लिही. लिहावयास तें कंटाळवाणें खरें; पण शिकणाऱ्याच्या दृष्टीनें तें आपल्या टिंबापेक्षां चांगलें, असें माझें मत आहे. प्रत्येक अंक आपल्या घराचा बिल्ला छातीवर लावून उभा राहतो, त्यामुळें २ क्रमांकाच्या खालीं १ क्रमांकाचा अंक लिहिण्याची चूक होणेंच कठीण. मुलाला अडचण येत असेल, तर आठ-दहा दिवस अशीं वर्तुळें काढूं द्यावीं. नाणीं, वजनें व मापेंही दशमान करावीं, असें स्टेव्हिननें राज्यकर्त्यांना सुचविलें होतें. आपण नाण्यांच्या बाबतींत तें १९५७ सालीं केलें. १९५७ वजा १५८५, म्हणजे ३७२ वर्षांनीं.

वर सांगितलेली मांडणी करून काढण्याची रीत शाळेची झाली. वाण्याची रीत निराळी आहे, आणि ती मुलाला मुद्दाम दाखवावी. पांच रुपयांतून २.३७ चा माल घेतला, तर जुना वाणी वजाबाकी करीत नसे. तो चढत जाई. २.३७ वर तीन पैसे ठेवले, २.४० झाले, साठ पैसे ठेवले, ३ झाले, दोन रुपये ठेवले, ५ झाले. जें ठेवलें तें २.६३. यांत उसनें नाहीं, हातचा नाहीं. तापाच्या नोंदीलाही हीच रीत बरी. सकाळीं १०१.४ अंश होता, संध्याकाळीं ९९.८ झाला, ९९.८ पासून १०० ला ०.२, तेथून १०१.४ ला १.४; ताप १.६ अंश उतरला. आणखी एक रीत अशी कीं, दोन्ही आंकड्यांतून सारखेंच कमी केलें तर अंतर बदलत नाहीं. ५.०० व २.३७ या दोहोंतून एकेक शतांश काढा, ४.९९ मधून २.३६ वजा करावयाचे राहिले, आणि उसनें घेण्याचा प्रश्नच मिटला.

आपल्या भाषेला अशा वजाबाकीची मूळचीच आवड आहे. पावणेतीन म्हणजे तिनांत पाव उणा, २.७५, एकोणतीस म्हणजे तिसांत एक उणा. ज्या मुलाला पावणेतीन म्हणतांना ३ वजा ०.२५ दिसूं लागले, त्याला ही वजाबाकी परकी वाटणार नाहीं. इंग्रजी माध्यमांत शिकणाऱ्या मुलांच्या कानांवरून हे शब्द जात नाहीं, याचें मला थोडें दुःख होतें.

औषधाविषयीं दोन शब्द बोललेंच पाहिजेत. येथें एका टिंबाची चूक दसपट होते. अर्धा मिलिलिटर लिहितांना नुसतें टिंब देऊन पुढें ५ लिहिले आणि टिंब पुसट झालें, तर वाचणारा ५ देतो. उलट, ५ लिहावयाचे तेथें ५.० लिहिलें आणि टिंब दिसलें नाहीं, तर ५० होतात. म्हणून औषधांच्या लेखनांत असा दंडक आहे कीं, टिंबाच्या आधीं कांहीं नसेल तर शून्य लिहावेंच, ०.५, आणि टिंबानंतर निरुपयोगी शून्य लिहूं नये. वजाबाकीसाठीं शून्य जोडण्यास आपण आतांच शिकलों. औषधाच्या चिठ्ठीवर तें जोडूं नये. घरांत तान्हें मूल असेल, त्याला अमुक मिलिलिटर द्यावयाचें सांगितलें असेल आणि त्यांतलें थोडें ओकून गेलें, तर उरलेलें किती गेलें याचें गणित आपल्या मनानें न करतां डॉक्टरांनाच विचारावें.

शेवटीं, जें टिंब दिसतें पण दशांशाचें नसतें त्याविषयीं. घड्याळाची वेळ आपण १०.१५, ७.४० अशी लिहितों. ७.४० ला निघालेली गाडी १०.१५ ला पोंचली, तर दशांशाच्या रीतीनें २.७५ येतील, खरा वेळ २ तास ३५ मिनिटें, कारण येथें घर साठांचें आहे. लग्नाच्या माहितीपत्रकांत उंची ५.१० लिहितात, ती पांच फूट दहा इंच असते, आणि ५.९ हून ती एका इंचानें जास्त असते, कमी नव्हे. आणि ज्या घरांत क्रिकेट ऐकतात तेथें मुलाला हा प्रश्न घालावा: वीस षटकांच्या सामन्यांत १८.४ षटकें झालीं, किती राहिलीं? १.६ असें उत्तर आलें, तर त्याला दशांशाची वजाबाकी उत्तम आली असें समजावें, आणि मग सांगावें कीं षटकाचे चेंडू सहा. येथें एक मोडला कीं दहा येत नाहींत, सहाच येतात. सहांतून चार गेले, दोन उरले; एकोणिसांतून अठरा गेले, एक उरलें. राहिलें एक षटक दोन चेंडू, म्हणजे आठ चेंडू.